दिवेलागणीची पंधरा मिनिटे



दिवस मावळला म्हणून आपल्या घरातली कामे काही संपत नाहीत. पण त्या सुमाराला एक वेळ अशी येते की हात क्षणभर थांबतात. धारा काढून झालेल्या असतात, किटली डेअरीत पोचलेली असते, जनावरांपुढे वैरण पडलेली असते आणि तवा अजून चुलीवर चढायचा असतो. आपली म्हातारी माणसे या वेळेला दिवेलागण म्हणतात. हात थांबले की मन चालू लागते. सोसायटीचा हप्ता, मोटारीचे जळालेले वायंडिंग, अडून बसलेली ऊसतोड, थोरल्या मुलीची फी, धाकट्याचे न जमणारे लग्न, असे सगळे घोर याच वेळेला उंबऱ्याच्या आत येतात.

एका गावच्या शिवारफेरीत एका तरुण शेतकऱ्याने मला सर्वांदेखत विचारले, "सायेब, तुम्ही शिकलेली माणसं. खरं सांगा, देवाला हात जोडून पाऊस पडतो का?" मंडळी हसली. मी कृषी पदवीधर माणूस, ठरलेले उत्तर देऊन टाकले. म्हटले, "बाबा, पाऊस वाऱ्यांवर आणि ढगांवर अवलंबून असतो, आपल्या हात जोडण्यावर नाही." तेव्हा मागे बसलेली एक आजी म्हणाली, "मग आम्ही काय उगंच दिवा लावतो व्हय?"

त्या आजीला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. नंतर पुष्कळ दिवस विचार केला, इतक्या वर्षांत पाहिलेली घरे आठवली, तेव्हा कुठे उत्तराचा थोडा माग लागला. आजचा लेख त्या आजीसाठी आहे.

पहिली आठवण वारीची. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून पाडेगावला सातारा जिल्ह्यात येते. पुढे लोणंद, मग चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण, तरडगाव, फलटण, बरड आणि तिथून सोलापूर जिल्हा. या सोहळ्याला आजची शिस्त लावून देणारे हैबतबाबा आपल्या सातारा तालुक्यातल्या आरफळचे. म्हणजे वारी ही आपल्या घरचीच गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीला मात्र मला तिचा राग यायचा. पेरणी नुकतीच उगवून आलेली असते, कोळपणी तोंडावर असते आणि शेतकरी पताका घेऊन निघतो, हे माझ्या हिशेबात बसत नसे.

एका वर्षी लोणंदला कोरेगाव तालुक्यातला माझ्या ओळखीचा एक शेतकरी दिंडीत दिसला. मी त्याला जवळजवळ दटावलेच. "सोयाबीन वीस दिवसांचं झालंय, तण माजलं तर काय करशील?" तो शांतपणे म्हणाला, "कोळपं भाऊ हाणतोय." मी चकित झालो. या दोघा भावांचा बांधावरून वाद होता, चार वर्षे एकमेकांशी शब्द नव्हता, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. तो पुढे म्हणाला, "सायेब, वारीला जायचं तर रान कुणाच्या तरी हवाली करावं लागतं. हवाली करायचं तर बोलावं लागतं. निघायच्या आदल्या सांजंला गेलो त्याच्या दारात. पांडुरंगाचं नाव मधी होतं म्हणून पाय उचलला, न्हाईतर उचलला नसता."

मंडळी, वारीने तण काढले नाही, ते भावाने काढले. पण चार वर्षे जे तंटामुक्ती समितीला जमले नव्हते, ते एका निरोपाने झाले. या माणसाला भावापुढे नमते घ्यायला लाज वाटत होती. देवापुढे नमायला त्याला लाज नव्हती. एकदा मान वाकायची सवय झाली, की माणसापुढेही ती थोडी वाकते.

दुसरी आठवण २०१३ सालची. माण, खटाव, आटपाडी, जत या आपल्या पूर्व भागात त्या वर्षी काय अवस्था होती हे वाचकांना सांगायला नको. पाणी टँकरने, वैरण छावणीत, आणि माणसेही जनावरांबरोबर छावणीतच. माण तालुक्यातल्या एका छावणीत चाऱ्याच्या पाहणीसाठी मी गेलो होतो. दिवसभर उसाचे वाडे आणि पेंड यांचा हिशेब चालायचा. सांज झाली की दहा-बारा माणसे टाळ घेऊन बसायची. बायका खोपटापुढे दिवा लावून तिथूनच साथ द्यायच्या.

पस्तिशीतला एक गडी मात्र रोज या सगळ्यांकडे पाठ करून बसलेला दिसे. त्याच्यापाशी खिल्लार खोंडांची एक जोडी होती. वासरे असल्यापासून त्याने ती वाढवलेली. जेवण कमी झालेले, बोलणे बंद. भजनातला एक म्हातारा रोज उठून त्याच्यापाशी जायचा आणि म्हणायचा, "तुला म्हणाय येत नसंल तर म्हणू नगंस. नुसता टाळ धर." दोन दिवस तो हलला नाही. तिसऱ्या दिवशी आला, टाळ धरून गप्प बसला. चौथ्या रात्री भजन संपल्यावर, दिवा मालवायच्या आधी, त्याच्या तोंडून सगळे बाहेर पडले. बोअरसाठी सावकाराकडून पैसे घेतलेले, बोअर कोरडी गेलेली, बायकोला यातले काही माहीत नाही आणि सकाळी हेडी येऊन जोडी घेऊन जाणार. "माझ्या मनात लई वाईट येत हुतं," एवढे बोलून तो थांबला. त्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला.

मग जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. कुणी उपदेश केला नाही. एकाने सांगितले की दुष्काळ जाहीर झाला की पीककर्जाचे पुनर्गठन होते, आपल्या कर्जाचे झाले आहे. याचे पीककर्ज थकलेले होते, पण लाजेपायी हा बँकेच्या दारात गेलाच नव्हता. दुसरा म्हणाला, सकाळी मी येतो तुझ्याबरोबर. कोणते कागद लागतात ते मी लिहून दिले. म्हाताऱ्याने हेड्याला परत पाठवले. सावकाराची निकड भागवायला त्या गड्याने घरची एक कालवड विकली. जोडी राहिली. आणि बायकोला त्याने सांगितले, हे सर्वांत मोठे.

टाळ धरला म्हणून पाऊस आला नाही. पाऊस त्याच्या वेळेला आला. पण टाळ धरला म्हणून तो गडी चार माणसांत बसला, बसला म्हणून बोलला, आणि बोलला म्हणून वाचला. त्या आजीला द्यायचे अर्धे उत्तर मला त्या छावणीत मिळाले होते. ते ओळखायला मात्र मला उशीर झाला.

आता उरलेले अर्धे. प्रार्थनेची दुसरी बाजू म्हणजे कृतज्ञता. शब्द जड वाटला तरी गोष्ट आपल्या रोजच्या ओळखीची आहे. आपल्या सातारा-सांगलीकडे बैलांचा सण पोळ्याला होत नाही, तो आषाढात बेंदराला होतो. आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद आणि तेल-तूप लावून चोळायचे. या विधीकडे जरा कृषी खात्याच्या नजरेने बघा. वर्षभर जू वाहून खांद्याला कुठे सूज आहे, कुठे कातडे सोलले आहे, गाठ आली आहे का, हे हात फिरवल्याशिवाय कळत नाही. ज्याने मनापासून खांदेमळणी केली त्याला बैलाचे दुखणे कळते आणि तो वेळेवर पशुवैद्याला बोलावतो. ज्याने नुसती झूल घालून फोटो काढला, त्याला कळत नाही. कृतज्ञता म्हणजे हात फिरवून बघणे. आता पुष्कळ घरांत बैल नाहीत, ट्रॅक्टरला हार घालतात. जरूर घाला. त्याच हाताने ऑइल आणि ब्रेकही तपासा, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या गड्यालाही पुरणपोळीला बसवा.

वाईला घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला बाई म्हणायचे, तिची पालखी काढायची, तिच्या नावाने पंगत घालायची, अशी ही जुनी रीत. पण नदी नेहमीच मायेने वागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून अनेकांचे जीव गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना 'देवाचे आभार माना' असे सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि कुणीही ते सांगू नये.

पण त्या २०१९ च्या पुरानंतर नदीकाठच्या एका गावात पिकांच्या पंचनाम्याला गेलो असताना जे पाहिले ते सांगतो. घरात गुडघाभर गाळ. ऊस कुजलेला, दोन म्हशी गेलेल्या. घरातली म्हातारी ओसरीवर बसून नातीकडून शाळेच्या वहीत काहीतरी लिहून घेत होती. मला वाटले नुकसानीची यादी असेल. विचारले तर म्हणाली, "ती यादी तुम्ही लिवा. ही उसनवारीची वही हाय." वहीत नावे होती. नावेत उचलून ठेवणारा पोरगा. ज्यांच्या माळावर जनावरे बांधली ते घर. ज्या गावांतून भाकरीच्या टोपल्या आल्या त्या गावांची नावे. अंगावरची चादर देणारी एक अनोळखी बाई, नाव माहीत नाही म्हणून 'निळ्या लुगड्याची' असे लिहिलेले. म्हातारी म्हणाली, "पुढं कधी त्यांच्यावर येळ आली तर इसराय नगं."

आपण पैशाची उसनवारी वहीत लिहितो, उपकाराची लिहीत नाही. आणि दुःखाची तर न लिहिताही तोंडपाठ असते. म्हणूनच आपल्याला वाटते की आपले सगळे गेले आणि आपल्यामागे कुणीच नाही. त्या घराचे नुकसान त्या वहीने भरून निघाले नाही. त्याला पंचनामा लागला, मदत लागली, दोन हंगाम लागले. पण त्या दोन हंगामांत ते घर खचले नाही, कारण आपल्यामागे किती माणसे उभी होती हे त्यांच्यापाशी लिहिलेले होते.

परदेशातल्या अभ्यासकांनीही हे तपासून पाहिले आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल आभार वाटतात अशा पाच गोष्टी लिहायला सांगितले आणि दुसऱ्या गटाला त्रासाच्या गोष्टी लिहायला सांगितले. आभार लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य अधिक बरे वाटू लागले, पुढच्या आठवड्याकडेही ते अधिक आशेने बघू लागले. ती मुले कॉलेजातली, त्यांची दुःखे वेगळी आणि आपली वेगळी. पण आपल्या म्हातारीच्या वहीत आणि त्यांच्या कागदात फार अंतर नाही.

आता थोडे घरातले बोलू. भगिनींनो, हे खास तुमच्या घरच्या पुरुषमंडळींना वाचून दाखवा. आपल्याकडे घरच्या माणसाला 'आभारी आहे' म्हणायची रीत नाही. म्हटले तर ते माणूस घाबरेल, परकेपणा वाटेल. पण रीत नाही म्हणून काहीच बोलायचे नाही, असा अर्थ आपण काढला आहे. पहाटे चारला उठून धारा काढणारी, शेण-घाण उरकून पोरांचे डबे करणारी, मग भांगलणीला जाऊन पुन्हा सांजेला चुलीपुढे बसणारी सून वर्षानुवर्षे आपल्या कामाबद्दल चांगला शब्द ऐकत नाही. भाकरी करपली की मात्र लगेच ऐकते. देवापुढे दोन्ही हात जोडायचे आणि पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचे नाही, ही कसली पूजा? आभार म्हणू नका, पण 'आज भाकरी चांगली झाली' एवढे म्हणा. 'तू बस, मी वैरण टाकतो' एवढे करा. घरची प्रार्थना खरी आहे की नाही, हे त्या घरच्या सुनेला विचारावे.

एवढे सांगितल्यावर कुंपणही घातले पाहिजे, नाहीतर पीक जनावरे खातील. माणदेशातल्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५-१९१३) आयुष्यभर नामाचा प्रसार करीत राहिले. पण १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात त्यांनी लोकांना आपल्या शेतावर काम दिले आणि जेवू घातले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. उपाशी माणसाला त्यांनी नुसते नाम दिले नाही, आधी भाकरी दिली. गोंदवल्यात आजही आलेल्याला प्रसादाचे जेवण मिळते. प्रार्थना कामाची जागा घेत नाही, हे इतक्या मोठ्या भक्ताने करून दाखवले आहे.

म्हणून सांगतो, नवस फेडायला कर्ज काढू नका. देवाला कर्जाच्या बोकडाची गरज नाही. पिकावर रोग दिसला तर आधी पान खुडून कृषी सहायकाला दाखवा. आणि साप चावला तर देवळात किंवा मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला भाग हलवू न देता, न कापता, न आवळता, माणसाला तडक सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविष हेच औषध आहे. आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ साली झाला. सर्पदंशाच्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. दवाखान्यात पोचल्यावर बाहेरच्या बाकावर बसून जी प्रार्थना कराल, ती मात्र जरूर करा. ती तुमचे पाय घट्ट ठेवील.

तसेच मनाचे. घरातले माणूस आठ-पंधरा दिवस जेवत नाही, झोपत नाही, निरवानिरवीचे बोलते, तर त्याला एकटे सोडू नका आणि नुसत्या अंगाऱ्यावर भागवू नका. डॉक्टरला दाखवा. सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक देवघराशेजारी लिहून ठेवलात तरी देव रागावणार नाही.

आता करायचे काय? सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ साली या गावाने एक ठराव केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. सुरुवातीला हसणारे होतेच. पण आशाताई, अंगणवाडी सेविका आणि गावातले निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. मला यातली मजा अशी वाटते की त्या गावाने नवीन काही शोधले नाही. हरवलेली दिवेलागण परत आणली.

आपल्या गावात भोंगा नसला तरी आपल्या घरात दिवा आहे. दीड तास नको, पंधरा मिनिटे काढा. सगळ्यांनी एका जागी बसायचे, मोबाईल फडताळात ठेवायचे. आपल्या घरची जी प्रार्थना असेल ती म्हणावी. हरिपाठ असो, शुभंकरोती असो, बुद्धवंदना असो की मगरिबची नमाज. कडेगावला मोहरमच्या उंच ताबुतांना हिंदू-मुसलमान दोघांचेही खांदे लागतात, तेव्हा देवाच्या नावात आपण अडकण्याचे कारण नाही. जो देव मानत नाही त्याने दोन मिनिटे शांत बसावे. मग प्रत्येकाने, अगदी शाळकरी पोरानेही, आज कुणाचा हात आपल्याला लागला ते एक सांगावे. आणि शेवटी, ज्याच्या मनात काही घोर असेल त्याने तो बोलून टाकावा. त्यावर त्या वेळी कुणी रागवायचे नाही, एवढा एकच नियम. कर्ज किती आहे हे घरच्या बाईला आणि जाणत्या मुलाला ठाऊक असलेच पाहिजे. माहीत असलेले ओझे चौघे मिळून उचलतात, लपवलेले एकालाच दाबून टाकते.

पहिले आठ दिवस अवघड जाईल. पोरे हसतील, बाप खोकून वेळ काढील, सासू-सून एकमेकींकडे बघणार नाहीत. पेरल्या दिवशी कुणी कणीस मागत नाही. धीर धरा.

तर आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. दिवा लावून पाऊस पडत नाही, हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. पण पाऊस पडला नाही त्या वर्षी तुमचे घर ज्याच्याभोवती बसून राहिले, तो तुमचा दिवाच होता. तो उगाच नव्हता. आज सांजेला लावाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाक मारा.

असो. बेंदूर जवळ आला की खांदेमळणी मनापासून करा. बैलाची करा, आणि घरात ज्यांचे खांदे दुखत असतील त्यांचीही करा.